कचेरीतल्या लग्नाचे फोटो : नवशिक्यांसाठी

फोन बहुधा अनोळखी नंबरवरून येतो आणि बोलणाऱ्याचा आवाज दबलेला असतो. "भाऊ, छोटंसंच लग्न आहे जी. कोर्ट मॅरेज. घरचेच आठ-दहा जण. वीस-पंचवीस फोटो काढून द्या, बस." नवशिक्याला वाटतं, चला, आयतं काम मिळालं. वरात नाही, स्टेज नाही, डीजे नाही. हजार माणसांच्या मांडवात कॅमेरा फिरवलेल्याला आठ माणसं म्हणजे काय! तो इथेच फसतो. मांडवात एखादा क्षण हुकला तरी दुसरा मागोमाग येतो. मंगलाष्टकं चुकली तर सप्तपदी असते, सप्तपदी चुकली तर पंगत. कचेरीतलं लग्न चार मिनिटांत लागतं. तेवढ्या वेळात तुम्ही लेन्सचं झाकण खिशात चाचपत असाल, तर लग्न कायद्याने झालेलं असतं आणि फोटोत मात्र नसतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हा धंदा नव्याने करू पाहणाऱ्यांनी पुढच्या सूचना वाचून ठेवाव्यात. बाकीच्या जिल्ह्यांतल्यांनी वाचल्या तरी हरकत नाही. ट्यूबलाइट सगळीकडे सारखीच असते.

आधी लग्न कोणतं ते विचारा

पहिली सूचना : कोर्टात जाऊ नका. लोक कोर्ट मॅरेज म्हणतात म्हणून कितीतरी होतकरू छायाचित्रकार सकाळी दहाला न्यायालयाच्या पायऱ्यांवर गळ्यात कॅमेरा अडकवून उभे राहतात, आणि तिथले वकील त्यांना पत्रकार समजून बाइट देतात. लग्न असतं निबंधकाच्या कचेरीत.

दुसरं विचारायचं ते हे, की लग्न लागायचं आहे की लागून झालं आहे? मांडवात, देवळात किंवा विहारात लागलेलं लग्न १९९८च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली नुसतं नोंदवायचं असेल, तर ते काम गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपरिषदेत किंवा महापालिकेत होतं. अर्ज, कागदपत्रं, तीन साक्षीदार, प्रमाणपत्र. यात पाहण्यासारखं काही घडत नाही. कधीकधी या जोडप्याच्या कडेवर मूलही असतं. अशा वेळी बिनधास्त मुलाचे फोटो काढा, त्या खोलीत दुसरं कोणी हसत नसतं.

खरा प्रसंग १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा. इथे आधी काही लागलेलं नसतं, जे व्हायचं ते विवाह अधिकाऱ्यासमोरच होतं. दोघांपैकी एकाने जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस द्यायची, ती कचेरीतल्या फलकावर लागते, आणि कोणाला हरकत घ्यायची असेल तर तीस दिवसांची मुदत असते. ती सरली की लग्न. पण नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. नाहीतर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे मुहूर्त पंचांगातून नाही, कॅलेंडरातून निघतो, आणि तुमच्या डायरीत तो दोन महिन्यांच्या टप्प्यात कुठेही येऊ शकतो. नोटीस जूनमध्ये दिलेली असेल आणि नवरी भामरागडची असेल तर हिशोब आणखी वेगळा. पर्लकोटेला पूर आला की तिकडचा संपर्क तुटतो, आणि कायद्याने नदीसाठी वेगळी मुदत ठेवलेली नाही. सिरोंच्याकडचं बोलावणं असेल तर गडचिरोलीला यायला त्यांना दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास आहे. अकराची वेळ ठरली असेल तर एक धरा, आणि एक धरला तर जेवणाची सुट्टी धरा.

नोंदणी लग्नाला शान नाही असं वाटणारे नातेवाईक भेटतात. त्यांना वाद न घालता सांगावं, की पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचं लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीनेच झालं. नातेवाईक म्हणतील, "ते मोठे लोक." त्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं, पण तेवढ्यात दोन फोटो निघतात.

सामान

एक कॅमेरा, आणि पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटरची एक लेन्स. लांब पल्ल्याची लेन्स घरी ठेवा. साहेबांच्या टेबलापासून भिंतीपर्यंत जेमतेम दहा फूट, आणि त्यातले चार लोखंडी कपाटांनी अडवलेले. सत्तर-दोनशे लावायची म्हटली तर तुम्हाला बाहेर व्हरांड्यात खरेदीखतवाल्यांच्या रांगेत उभं राहावं लागेल. ड्रोनही घरी ठेवा. सरकारी आवारावर, त्यातून गडचिरोलीत, आकाशात काही घुंघुं करायला लागलं तर खाली पळापळ होते, आणि तिची चौकशी तुमच्यापाशी येऊन थांबते.

याशिवाय : निळ्या शाईचं बॉलपेन, कारण त्या दिवशी कोणाचंच चालत नाही. स्टेपलर. पांढरा रुमाल. आणि तुमचं स्वतःचं आधार कार्ड, मूळ प्रत, सोबत दोन झेरॉक्स. हे शेवटचं वाचून हसू नका, कारण पुढे कळेलच.

खोली

आत गेल्यावर आधी वर बघा. ट्यूबलाइट असेल तर शटर शंभरांश किंवा पन्नासांश सेकंदावर ठेवा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, तिच्यावरची ट्यूब सेकंदाला शंभरदा मिटते-उघडते. त्याहून वेगाने फोटो काढलात की अर्धी नवरी उजेडात आणि अर्धी मळकट पट्ट्यात येते. रंगाचा तोल पांढऱ्या कागदावर साधा. कागदाची तिथे टंचाई नाही. फ्लॅश भिंतीवर उडवण्याचा मोह आवरा, कारण भिंत पोपटी किंवा गुलाबी डिस्टेंपरची असते आणि तो रंग थेट नवरदेवाच्या गालावर येऊन बसतो.

लाइट जाईलच. चंद्रपूर शहराच्या कडेला २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, महाराष्ट्राला वीज पुरवतं, धूर मात्र आम्हीच ठेवून घेतो. तरी नेमक्या सहीच्या वेळी पंखा हळूहळू थांबतो. अशा वेळी "अरे बाप्पा" म्हणणाऱ्यांत सामील न होता जोडप्याला खिडकीशी न्या. त्या कचेरीत मिळेल तो सर्वांत चांगला उजेड तोच, आणि लाइट असताना तुम्हाला तिथे कोणी उभं राहू देणार नाही.

उन्हाळ्यात कूलर असतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मोबाइल गरम होऊन बंद पडतात आणि खोलीतला प्रत्येक जण बोलता बोलता कूलरकडे सरकत जातो. नवरीलाही तिथेच बसवतात, मायेनं. मग तिचा पदर आडवा, केस तोंडावर, टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडताहेत आणि वाळ्याच्या वासाचे बारीक तुषार तुमच्या लेन्सवर. रुमाल यासाठी. कूलर बंद करा म्हणायचं धाडस मात्र करू नका. त्या क्षणी तुम्ही त्या लग्नातले सर्वांत नावडते पाहुणे व्हाल.

मग पार्श्वभूमी. लाल कापडात बांधलेली दप्तरं कपाटावर छतापर्यंत चढलेली असतात. ती फोटोत घ्या, फार छान दिसतात, आणि खरंही तेच आहे. त्याच कचेरीत खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रंही होतात हे ध्यानात असू द्या. नवऱ्याच्या खांद्यामागे कोणी गमछ्याने डोळे पुसत असेल तर वधूपिता म्हणून त्याच्यावर फोकस करू नका. तो दोन एकर विकायला आलेला असू शकतो.

भिंतीवर तसबिरी असतात. त्यांची डोकी कापू नका. या जिल्ह्यात तरी नाहीच. शक्य असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर दोघांच्या मधोमध येईल असं उभं राहा, आणि हे नुसतं शोभेसाठी नाही. बाबासाहेबांचं आणि डॉ. शारदा कबीर यांचं, म्हणजे माईसाहेबांचं लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांच्या राहत्या घरी नोंदणी पद्धतीनेच झालं होतं. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, ते चंद्रपुरात आले आणि इथे दीक्षेचा दुसरा सोहळा झाला. तेव्हा त्या खोलीत आंतरजातीय जोडपं उभं असेल, आणि बहुतेक तसंच असतं, तर भिंतीवरचा तो माणूस त्यांच्या बाजूचा आहे. येणाऱ्या पाहुण्यांबद्दल असं नेहमी म्हणता येत नाही.

साक्षीदार

कायद्याला तीन साक्षीदार लागतात. व्यवहारात दोन येतात.

पहिला साक्षीदार नवरदेवाचा मित्र. याच्या तोंडात खर्रा असतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहातावर घोटतात, घोटतच राहतात, आणि तो पदार्थ तोंडात गेला की माणूस पुढचा अर्धा तास फक्त मानेने बोलतो. साहेब विचारतात, "तुम्ही यांना ओळखता का?" तो डोळे मोठे करून मान हलवतो. साहेब म्हणतात, "तोंडाने सांगा." मग तो बाहेर जातो, 'येथे थुंकू नये' या पाटीखाली उभा राहतो, परत येतो आणि एक शब्द बोलतो. ग्रुप फोटोत याला "हसा" म्हणायचं असेल तर आधी एकदा बाहेर पाठवून आणा.

दुसरी साक्षीदार नवरीची मावशी किंवा आत्या. हिच्यावर कॅमेरा सतत ठेवा. घरातून आलेली ती एकटीच बाई असते, नवी साडी नेसून, घडीच्या रेघा अजून तशाच, आणि ती आल्यामुळे घरी काय होणार आहे हे तिला नीट ठाऊक असतं. सही येत नसेल तर ती अंगठा देते. शाईच्या पॅडवर अंगठा टेकताना तिचा चेहरा बघा : परीक्षेला बसल्यासारखा. आणि मग, कागदावरून अंगठा उचलला की ती तो पुसायला कपडा शोधत नाही, सरळ स्वतःच्या केसांत पुसते. अर्ध्या सेकंदाचा खेळ. मांडवातली शंभर माणसं अक्षता टाकतात त्या फोटोपेक्षा हा एक फोटो वजनदार असतो, असं माझं मत आहे, आणि हा चुकवणाऱ्याने बारशाची कामं घ्यावीत.

तिसरा साक्षीदार वडशाहून निघालेला असतो. तो मूल गावाजवळ आहे असं दर वीस मिनिटांनी फोनवर कळतं. साहेबांची साडेबाराला दुसरी मीटिंग असते. मग खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा हळूहळू फिरत येऊन तुमच्यावर स्थिरावतात. "भाऊ, तुमचं आधार आहे का जी?"

आता कळलं? झेरॉक्स काढा, पुढे व्हा, सही करा. कॅमेरा शिपायाकडे द्या आणि कुठलं बटण दाबायचं तेवढंच सांगा, बाकी काही शिकवू नका. शिपायाने त्या टेबलासमोरची लग्नं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलेली असतात. कोण कधी मान वर करणार हे त्याला बरोबर ठाऊक असतं, आणि त्याने काढलेला फोटो बऱ्याचदा सगळ्यांत चांगला येतो. अल्बममध्ये तो तुमच्या नावावर जातो, त्याला इलाज नाही, कारण तुम्ही त्यात दिसत असता आणि तेवढं कोणी बारकाईने पाहत नाही.

ती चार मिनिटं

बहुतेक नवशिके हाराची वाट पाहत थांबतात. हाराला कायद्यात जागा नाही. जोडप्याला हवा तो विधी करता येतो, पण लग्न पक्कं होतं ते विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, दोघांना कळेल अशा भाषेत, मी तुझा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करतो, करते, असं म्हटल्यावर. फोटो तिथे आहे. त्याआधी जाहीरनाम्यावर सह्या होतात, त्यानंतर प्रमाणपत्राच्या पुस्तकात होतात. सह्यांचे फोटो सगळेच काढतात आणि त्यांत सगळ्यांच्या टाळूच दिसतात. हे वाक्य मात्र मान वर करून म्हणावं लागतं. नवरदेव ते घडाघडा म्हणतो, कारण त्याने पाठ केलेलं असतं. नवरी बहुधा अर्ध्यावर थांबते. हसू येतं म्हणून, किंवा फोन वाजतो म्हणून. फोनच्या पडद्यावर 'बाबा' असं येतं. ती तो उलटा ठेवते आणि वाक्य पुरं करते. हे सगळं तुम्ही खोलीच्या कोपऱ्यातून, एका गुडघ्यावर, कपाटाला पाठ लावून टिपायचं आहे. टेबलाच्या बाजूला येऊ नका. तिथे संगणकवाल्याची हद्द सुरू होते.

आणि तो संगणकवाला तुमचा खरा प्रतिस्पर्धी आहे. त्याच्याकडे पिवळट काचेचा वेबकॅम असतो, वायरने मॉनिटरला बांधलेला. तो म्हणतो, "इकडे पाहा, मॅडम. हलू नका. झालं." त्या फोटोत नवरीला एकच कान असतो आणि नवरदेव नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. पण सरकारदरबारी जमा होतो तो तोच. तुम्ही कितीही भारी लेन्स आणा, कचेरीच्या लेखी तुम्ही त्या खोलीत नव्हताच. तिसरे साक्षीदार नसाल तर.

साहेबांबरोबर एक फोटो घ्यावा लागतो. "साहेब, आपण मधे." ते म्हणतात, "नको नको, तुमचं चालू द्या," आणि खिशातून कंगवा काढतात. एवढ्याने ओळखा.

कोण आलं नाही

हा भाग नवशिक्यांच्या पुस्तकांत नसतो. मोबाइलवर काढलेला पहिला फोटो तुम्ही बाहेर पडता पडता स्टेटसला टाकता, धंद्याची जाहिरात म्हणून. टाकू नका. आधी विचारा, घरी सांगितलं आहे का, आणि हे लोक रात्री कुठे राहणार आहेत. दबलेल्या आवाजातला तो फोन उगाच दबलेला नव्हता. तुमचं स्टेटस नवरीच्या काकाने पाहणं आणि तिने स्वतः घरी फोन करून सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कधीकधी तो फरक पोलीस ठाण्यात मोजला जातो. फलकावरच्या नोटिशींचा फोटोही काढू नका, कितीही कलात्मक दिसल्या तरी. त्यांवर पुढच्या जोडप्यांची नावं आणि पत्ते आहेत. महिनाभर त्या तिथे असणं हेच त्यांना पुरेसं अवघड जातं.

जे आले नाहीत त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढण्याची एक फॅशन आहे. कचेरीत रिकामी खुर्ची नसते, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

बाहेर

कचेरीतून सुटल्यावर कोणीतरी म्हणतं, "आता जरा मस्त फोटो." नवरदेवाच्या मोठ्या भावाला झाडीपट्टीच्या नाटकाच्या पोस्टरसारखी पोझ हवी असते : नायक तिरका, नायिका मागे, दोघांची नजर वडशाकडे. काढून द्या. त्याने पेट्रोलचा खर्च केलेला असतो. गडचिरोलीत असाल तर नाचही होतो. जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तो निव्वळ आनंदाचा असतो असं म्हणण्याची पद्धत आहे.

ताडोब्याला जाऊ असं कोणी म्हटलं तर वार विचारा. मंगळवारी बंद असतं. शिवाय वाघ नवऱ्यापेक्षा चांगला दिसतो आणि पुढे अल्बमभर तोच राहतो.

चंद्रपुरात असाल तर अचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजा बीरशहाची समाधी आहे. ती राणी हिराईने नवऱ्याच्या आठवणीत बांधली. बायकोसाठी इमारत बांधणाऱ्या बादशहाचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. नवऱ्यासाठी बांधणारी राणी आपल्याच गावात आहे आणि तिच्याकडे फिरकायला कोणाला सवड नसते. दगडावर चार वाजल्यानंतरचा उजेड सुरेख पडतो. तिपाई नेऊ नका, पुरातत्त्व खात्याच्या जागेत तिला परवानगी लागते. आणि ही समाधी आहे हे नवरदेवाला फोटो काढून झाल्यावर सांगा.

पैसे

अर्धे आधी घ्या. छोटं लग्न म्हणून कमी सांगू नका; माणसं कमी असली की प्रत्येक चेहरा दिसावा लागतो, आणि चुकार फोटो गर्दीत लपवायची सोय नसते. दुपारच्या जेवणाला थांबा म्हणतील, थांबा. सावजी असेल तर पांढरा शर्ट घालून गेला नसाल अशी आशा आहे.

निघण्याआधी एक फोटो न विसरता काढा : दोघं शेजारी, सरळ उभे, मागे कोरी भिंत, चारही कान दिसताहेत. कलेच्या दृष्टीने त्यात काही नाही. पण दोघांपैकी एक मागासवर्गीय असेल तर आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहन योजनेतून त्यांना ५०,००० रुपये मिळू शकतात, आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे द्यायच्या अर्जाला प्रमाणपत्राबरोबर जोडप्याचा एकत्रित फोटो लावावा लागतो. बँकेतल्या जोड खात्याचं कामही त्याच फोटोतून कापून भागतं. खर्रा न थुंकलेली भिंत शोधायला वेळ लागेल, तेवढा धरून ठेवा. प्रती सहा द्या, आणि स्टेपलर तुमच्याजवळ आहेच.